शिंगाळ्याच्या तोंडातली पिढी

3 सप्टेंबर, नागपूर

भोईपुऱ्याच्या बाजारात आज समुद्राचा माल होता. बांगडा, सुरमई आणि बर्फात अर्धे गाडलेले शिंगाळे. मिशाळ, बिनखवल्याचे, परात करवती काटा. एकाचा जबडा उघडून बघत होतो. मावशी म्हणाल्या, "तोंडात काय पाहून राहिले, सर? कल्ले पाहा, लाल आहेत." तोंड रिकामंच होतं. अंडी असती तरी इथवर पोचली नसती. जाळ्यात अडकलेला नर ती बाहेर टाकतो.

या माशांत अंडी बाप सांभाळतो. मादी लाखांनी नाही, शे-दीडशेच्या आसपास घालते, पण एकेक अंडं बोराएवढं. पिल्लं पोहायला लागेपर्यंत नर ती तोंडात धरून राहतो आणि कित्येक आठवडे काहीच खात नाही. उपाशी असला तरी आमिषाकडे वळत नाही, म्हणून गळापासून तो बराचसा वाचतो. जाळ्यापासून नाही.

6 सप्टेंबर

वर्गात वाढीचं सूत्र घेतलं. लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी 1938 मध्ये मांडलेलं: मासा लहानपणी भराभर वाढतो, मग वाढ मंदावत कमाल लांबीच्या जवळ जाते. थंड समुद्रात कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजून वय कळतं. आपल्याकडे पाणी बारमाही उबदार, वर्तुळं पुसट. म्हणून बंदरावर दर महिन्याला शेकडो मासे मोजायचे आणि लांबीच्या आलेखातला उंचवटा कसा पुढे सरकतो ते पाहायचं.

त्याच लांब्यांवरून मृत्युदर निघतो. नैसर्गिक मृत्यू अधिक मासेमारीचा मृत्यू म्हणजे एकूण. हा एकूण दर 1 आला तर शंभरातले 37 मासे वर्षअखेर उरतात. एकूण मृत्यूंत मासेमारीचा वाटा निम्म्याच्या वर गेला की उपसा जास्त झाला असं ढोबळपणे धरतात.

9 सप्टेंबर

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तोंडात अंडी असलेला नर पकडला, तर मृत्यू किती धरायचे?"

सूत्राप्रमाणे एक.

14 सप्टेंबर

तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. 1980 च्या सुमारास कर्नाटक किनाऱ्यावर नेमकं हेच घडलं. पर्ससीनचं वेढा घालणारं जाळं पावसाळ्यानंतर अंडी सांभाळणाऱ्या नरांच्या थव्यांवर पडलं, माशांबरोबर अंड्यांचेही ढीग किनाऱ्याला लागले. पुढे तिथला शिंगाळा झपाट्याने घटला. बांगडा-तारली हजारोंनी अंडी पाण्यात सोडतात, चांगले हंगाम मिळाले की सावरतात. शिंगाळ्याजवळ ती शिल्लक नसते.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. हा चांगलाच निर्णय, पण लांबीची अट कोवळ्या माशाला वाचवते. अंडी धरलेला नर पूर्ण वाढलेला असतो, तो कुठल्याही मापात बसतो. पावसाळी बंदी 31 जुलैला संपते. पर्ससीनला 2016 च्या आदेशाने मुभा दिली ती सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे कर्नाटकात घात झाला तेच महिने.

15 सप्टेंबर

मुलांना सांगितलं: बंदरावर मोजमापाला जाल तेव्हा फूटपट्टीबरोबर आणखी एक रकाना आखा. नर की मादी, आणि नर असेल तर पकडताना तोंडात अंडी होती का, हे तांडेलाला विचारून लिहा. किनाऱ्यावरच्या मच्छीमार भावांनाही माझी विनंती आहे. तोंडात अंडी असलेले नर वर येताना दिसले, तर त्या थव्यावर पुन्हा जाळं टाकू नका.