26 जानेवारीची विषयपत्रिका

दिवाळी संपली की चळवळीतल्या माणसांच्या डायऱ्या भरू लागतात. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 28 ला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 25 ला महाड, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 3 ला सावित्रीबाईंची जयंती. सभागृहं ठरतात, पत्रिका छापल्या जातात, बॅनरवर कोणाचे फोटो घ्यायचे यावर रात्री उशिरापर्यंत बैठका चालतात. मी कार्यकर्त्यांची शिबिरं घेते, बहुतेक मराठवाड्यात. या दिवसांत मला येणारे फोन बहुधा एकाच कामाचे असतात: "ताई, चांगला वक्ता सुचवा."

वक्ता मी सुचवतेच. पण त्याआधी दोन गोष्टी विचारते. ज्यांच्या प्रश्नावर कार्यक्रम आहे ती माणसं त्या तारखेला गावात असतील का? आणि कार्यक्रमात जी मागणी पुढे येईल ती 26 जानेवारीच्या ग्रामसभेत कोण मांडणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकला, असं मी सांगते. त्याने कोणी नाराज झालं तरी माझा आग्रह सुटत नाही.

पहिल्या प्रश्नाला कारण आहे. आपल्या कार्यक्रमांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर बिऱ्हाड हलतं. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. ठाणे, पालघर, रायगडातली कातकरी कुटुंबंही दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परततात. म्हणजे संविधान दिनापासून प्रजासत्ताक दिनापर्यंत आपण समतेवर जेवढं बोलतो, तेवढ्या सगळ्या काळात राज्यातले सर्वात जास्त पिळले जाणारे मजूर त्यांच्या मतदारयादीतल्या गावात नसतात. वस्तीत म्हातारी माणसं असतात, कुलपं असतात. अशा गावात 3 जानेवारीला मुलींच्या शिक्षणावर भाषण होतं, आणि ज्या मुलीची शाळा नोव्हेंबरातच सुटली ती त्या वेळी फडावरच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत असते.

यावर माझं म्हणणं सरळ आहे: कार्यक्रम तिकडे न्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात कारखाना परिसरात कोप्यांची वस्ती असते. तिथल्या कार्यकर्त्यांनी यंदा सावित्रीबाईंची जयंती सभागृहात न करता कोप्यांवर करावी. बायका पहाटे फडात जातात, तेव्हा वेळ संध्याकाळचीच ठेवावी लागेल, आणि तीही त्यांना विचारून. भाषण दहा मिनिटांचं पुरे. उरलेल्या वेळात एक वही उघडायची. कोणत्या गावचे, शाळेत जाण्याच्या वयाची मुलं किती, रेशन इथे मिळतं का, ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र मिळालं आहे का. हे ओळखपत्र ग्रामसेवकाने द्यायचं असतं, म्हणजे तो विषय मूळ गावच्या ग्रामपंचायतीचा झाला. कोपीवर भरलेली ती वही बीडच्या कार्यकर्त्याच्या हातात पडली, तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्या गैरहजर माणसांचा विषय हजर राहू शकतो. हे मी होताना पाहिलं आहे. दोन जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी एकमेकांचे नंबर ठेवले, एवढ्याने ते जमलं.

आता दुसरा प्रश्न. वर दिलेल्या तारखांपैकी कुठल्याही कार्यक्रमातल्या ठरावाला कायद्याचं पाठबळ नसतं. ग्रामसभेच्या ठरावाला असतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 7 प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्या बहुधा 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या सुमारास होतात. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य असतो. कोणी निमंत्रण द्यावं लागत नाही, की मंचावर खुर्ची मिळावी लागत नाही. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. गावात सत्ता ज्यांच्या हातात असते त्यांना हे कलम तोंडपाठ असतं. पहिल्या सभेला लोक जमले नाहीत तर पुढच्या सभेत पंधरा-वीस माणसं वर्षाचं नियोजन मंजूर करून मोकळी होतात. कार्यकर्त्याने त्या दिवशी वस्तीतून शंभर माणसं आणणं हे तालुक्याच्या ठिकाणी हजारांची सभा भरवण्यापेक्षा मोलाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

याच कायद्यातली एक तरतूद तर जवळजवळ विसरली गेली आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. अनेक गावांत ती फक्त प्रोसिडिंग बुकात होते. अंगणवाडीत बायकांच्या सह्या गोळा केल्या की झाली सभा. ती खरोखर भरवून घ्या. पाणी, स्मशानभूमीचा रस्ता, एकट्या राहणाऱ्या बाईच्या नावावर घराची नोंद, दारूचं दुकान हे विषय पुरुषांनी भरलेल्या सभेत एखादी बाई उठून मांडेल ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आदल्या सभेत चाळीसजणींनी मिळून मांडलेला विषय मात्र दुसऱ्या दिवशी दाबून टाकणं सोपं नसतं.

शिबिरात कोणीतरी हमखास म्हणतं, ठराव झाला तरी पुढे काय, कागदच तो. अशा वेळी मी महाड सांगते, आणि ते 20 मार्च 1927 पासून सुरू करत नाही. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 ला मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्यांसारखी ठिकाणं अस्पृश्यांना खुली. पुढच्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपला ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आलं नाही. मग रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची तयारी हाती घेतली. माणसं गावोगाव फिरली, वर्गणी जमवली, धान्य गोळा केलं. परिषदेला जमलेल्या लोकांना पिण्याचं पाणीसुद्धा 40 रुपये मोजून विकत घ्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक डॉ. आंबेडकरांच्या मागे तळ्यावर गेले. त्यानंतर मारहाण झाली. तळ्याचं शुद्धीकरण झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेआधी कोर्टाचा मनाई हुकूम आला. मंडपाला जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली, आणि 25 डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. खटला मात्र चालूच राहिला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला, तळ्यावर गेल्यानंतर दहा वर्षांनी.

आपण 20 मार्च साजरा करतो. 1924 चा ठराव आणि 1937 चा निकाल आपल्या कॅलेंडरवर नाही. पण कार्यकर्त्याने शिकायचं ते त्या दोन टोकांमधलं आहे. ठराव मिळाला म्हणून सत्याग्रहाला आधार मिळाला. सत्याग्रह झाला म्हणून ठरावाला अर्थ आला. आणि कोर्टातली चिकाटी सुटली नाही म्हणून दोन्ही टिकले.

ग्रामसभेचं बळ आजही दिसतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला तो 2009 मध्ये, देशात सर्वात आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं आपण घेतो, पण तिथला अभ्यासगट मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. विषय ग्रामसभेत यायच्या आधी गावातली माणसं बसून तो समजून घेत, बाहेरच्या जाणकाराला विचारत, आणि मग निर्णय सर्वांच्या सहमतीने होई. घोषणा त्यानंतरची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. एका गावच्या इतिवृत्तातली नोंद मंत्रालयापर्यंत पोचली. तरी शेजारच्या घरी नवरा वारल्यावर बांगड्या फोडायला आलेल्या हातांना कोण थांबवतं, यावर त्या ठरावाची खरी परीक्षा आहे, आणि ती रोज द्यावी लागते.

शहरातल्या वाचकांना ग्रामसभा नाही, त्यामुळे हे सगळं दूरचं वाटेल. पण तुमचं मूळ गाव आहे, त्या गावच्या सरपंचाचा नंबर तुमच्या भावाकडे आहे, आणि सुशिक्षित माणसाने लिहून दिलेल्या नीटस अर्जाची तिथे गरज आहे. एका माणसाने सुरू केलेलं काम किती दूर जातं, तेही पाहा. 2005 मध्ये नागपूर जिल्हा परिषदेत अधिकारी असलेल्या ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांमधून संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन सुरू केलं. देशाने 26 नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळायला 2015 उजाडलं.

तेव्हा यंदाच्या कार्यक्रमांत एक बदल करा. संविधान दिनाच्या सभेच्या दारातच एक टेबल मांडा आणि त्यावर कोरे अर्ज ठेवा. प्रास्ताविकेचं वाचन झाल्यावर वस्तीचा एकच विषय ठरवा, दहा नकोत. तो कोणत्या योजनेत, कोणत्या कायद्यात बसतो हे डिसेंबरात बसून वाचा. महापरिनिर्वाण दिनाला दादरला जाल तेव्हा पुस्तकांसोबत ग्रामपंचायत कायद्याची एक प्रतही घ्या. तिथे ती मिळते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्यायला हवा. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयांवर विसंबू नका. सूचक आणि अनुमोदक कोण, हे आदल्या रात्री पक्कं करा, आणि त्यांतली एक व्यक्ती बाई असू द्या. सभा संपल्यावर ठराव लिहिला गेल्याशिवाय आणि तो वाचून घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. नक्कल मागा. फडावर असलेल्या कुटुंबांना ती फोनवर वाचून दाखवा, आणि 1 मेच्या ग्रामसभेला, जेव्हा ती घरी आलेली असतील, तोच विषय त्यांच्या तोंडून पुन्हा मांडा.