रसायनविद्येस अनावृत पत्र

प्रिय रसायनविद्ये,

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरातल्या किती घरांची चूल तुझ्यावर पेटते! आनंदनगर, मोरिवली, माणकिवली, खरवई इथल्या कारखान्यांत तूच नांदतेस. उल्हासनगरच्या जीन्सला फिकी झाक येते ती ब्लीच आणि पोटॅशियम परमँगनेटमुळे. इथल्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेल्या कित्येक मुलांची पहिली नोकरी शिफ्ट केमिस्टची असते. हे ऋण मोठं आहे. ते मानूनच तुला जाब विचारतो आहे.

काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस तिच्या पात्रात एका टँकरमधून रासायनिक सांडपाणी ओतलं गेलं. वडोलगाव परिसरातल्या शेकडो माणसांचा श्वास कोंडला, उलट्या सुरू झाल्या, दवाखाने भरून गेले. माणसं आपापल्या घरात होती, एवढाच त्यांचा दोष.

अशा पात्रात काय घडू शकतं, ते तुला सांगायला नको. सल्फाइड असलेल्या पाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा प्रयोग शाळा-कॉलेजातली मुलंही जाणतात. वायू थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असं न शिकलेल्या माणसाला वाटतं, आणि खरा धोका तेव्हाच असतो. हे केमिस्टला माहीत असतं. टँकरच्या ड्रायव्हरला, क्लीनरला, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला कोण सांगतं? ज्ञान कारखान्यातच राहतं आणि त्याची जोखीम तेवढी फाटकाबाहेर पाठवली जाते. माझी तक्रार ही आहे.

ज्ञानाच्या धोक्याचा विषय निघाला की लोक फ्रिट्झ हाबरचं नाव घेतात. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून त्याने जगाच्या शेतांना खत दिलं, आणि 1915 मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडण्याची देखरेखही त्यानेच केली. पण आपण काय करतो आहोत, हे हाबरला नेमकं ठाऊक होतं. आमच्याकडचा प्रकार निराळा आहे. इथे जाणणारा माणूस पुढचं बघायलाच जात नाही. माल तयार झाला, बॅच पास झाली, की त्याची वही मिटते.

ती वही मिटायची मुभा तू मुळीच दिलेली नाहीस. वस्तुमान नाहीसं होत नाही, हा तुझा पायाचा नियम. रिॲक्टरमध्ये जेवढं घातलं तेवढं कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर यायलाच हवं. प्रत्येक केमिकल इंजिनिअर मटेरियल बॅलन्स शिकतो तो याच नियमावर. मग त्या हिशेबातला नाल्यात गेलेला आकडा कागदावर का दिसत नाही?

भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे, असं बंधन मालकावर आलं. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा खटला ‘वनशक्ती’ संस्थेने हरित लवादापुढे नेला, 2015 मध्ये मोठा दंडही ठोठावला गेला. दंड हवाच. पण रात्री टँकर कुठे निघाला हे न्यायाधीशाच्या कितीतरी आधी एखाद्या केमिस्टला कळलेलं असतं.

म्हणून तुझ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. फॉर्म्युला गुप्त ठेवा, तो धंद्याचा भाग आहे. सांडपाण्यात काय आहे ते मात्र लपवू नका. ड्रमवर ते मराठीत, हिंदीत लिहा, ड्रायव्हरला तोंडी समजावून सांगा. आणि हिशेब जुळत नसेल त्या कागदावर सही करू नका.

तुझा,
वालधुनीकाठचा एक रहिवासी