पांढरा चेंडू कोठे थांबतो?

पूलच्या टेबलाभोवती जमलेले बघे टाळी वाजवितात ती रंगीत चेंडू खिशात पडताच. जाणत्याची नजर मात्र त्या वेळी पांढऱ्या चेंडूवर असते. तो कोठे जाऊन थांबतो, यावर पुढचा फटका सोपा की अवघड हे ठरते. चाळिशीनंतर आम्ही पलसाण्याहून सुट्टीच्या दिवशी सुरतेस जाऊन हा खेळ शिकू लागलो, तेव्हापासून आम्हांस या थांबण्याचेच वेड लागले आहे.

सराव साधा आहे. प्रथम एकटा पांढरा चेंडू समोरच्या कुशनवर मारून परत आणावा आणि आपल्या बाजूच्या कुशनलगत थांबवावा. ते साधले की वहीचा कागद बनातीवर पसरावा. रंगीत चेंडू खिशात घालताना पांढरा त्या कागदावर आणून ठेवावा, आणि कागदाची जागा बदलीत राहावे. फटक्याची लय एकच ठेवून क्यू मागे किती न्यावयाचा, एवढेच माप बदलावे. वेग दुप्पट केला तर सरळ घरंगळणारा चेंडू जवळजवळ चौपट अंतर जातो, हे ध्यानात ठेवावे. त्यातून आमच्याकडचा पावसाळा! दमट हवेने बनात जड होते. वैशाखात नेमका पोहोचणारा फटका श्रावणात अलीकडेच राहतो.

आमच्या पुतण्यास बरोबर यावयाचे आहे. वहिनी म्हणतात, "भाऊजी, पोराला त्या अड्ड्यावर नेऊ नका." त्यांची धास्ती निराधार नाही, जेथे पैजेचे पैसे लागतात, तेथून मुलास परतच आणावे. परंतु पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यास बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हा कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. अहमदाबादच्या गीत सेठी यांनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६ गुणांचा अखंड ब्रेक केला. बिलियर्ड्समधील असे मोठे ब्रेक हळुवार फटक्यांनी, चेंडू एकमेकांजवळ राखूनच उभे राहतात. तेथे दांडगाईचे काम नाही.

आम्ही वहिनींना सुचविले आहे, की एकदा स्वतः येऊन पाहावे. मुलगा कागद पसरून तासभर सराव करणार असेल, तर त्यास अडवू नये. महामार्गावरच्या आमच्या गावात मुलांना वेगाने जाणे शिकवावे लागत नाही. हवे तेथे थांबणे मात्र शिकवावेच लागते.