मावशीस, ल्युसिल बॉलविषयी

तीर्थस्वरूप मावशीस,


तुझं पत्र पोचलं. ‘आय लव्ह ल्युसी’चे चार-दोन भाग पाहून तू ल्युसिल बॉलबद्दल जो निकाल दिलास तो मला पटलेला नाही, आणि ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून तो सोडून द्यावा असंही वाटत नाही. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की बाई देखणी होती, तोंडं वेडीवाकडी करायला लाजत नव्हती, नवरा धंद्यात हुशार निघाला आणि अमेरिकेत घरोघर टीव्ही येण्याचा मुहूर्त तिला साधला. यात अभिनय किती आणि नशीब किती? मला वाटतं, तू क्रम उलटा लावते आहेस. टीव्हीने ल्युसिल बॉलला घडवलं असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात तिचा विनोद ज्या प्रकारच्या टीव्हीवर जगू शकत होता, तसा टीव्ही 1951 साली जवळजवळ नव्हताच. तो उभा करावा लागला, आणि त्याची किंमत तिने आणि नवऱ्याने स्वतःच्या मानधनातून मोजली.

आधीची वीस वर्षं बघ. 1911 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या लहान गावात जन्म, वडील लहानपणीच गेले, पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत गेली तर शिक्षकांनी हिच्यात काही नाही म्हणून घरी परत पाठवलं. मग कपड्यांची मॉडेल, आणि 1933 पासून हॉलिवूड. तिथे ती पडेल ते काम करत राहिली. 1937 च्या ‘स्टेज डोअर’मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्सच्या मागे तिचे चार खटकेबाज संवाद आहेत. 1938 च्या ‘रूम सर्व्हिस’मध्ये तर साक्षात मार्क्स बंधू समोर आहेत, आणि ही मात्र चांगल्या कपड्यांत बाजूला उभी! डोरोथी आर्झनर या दिग्दर्शिकेने 1940 च्या ‘डान्स, गर्ल, डान्स’मध्ये तिच्यातला दंगा थोडाफार ओळखला, पण पुढे कुणी तो धागा धरला नाही. एमजीएमने तिला घेतलं आणि काय केलं, तर तिचे केस लालभडक करून रंगीत चित्रपटात तिला शोभेला उभं केलं. पन्नासच्या सुमारास धडपडीचा विनोद तिच्या वाट्याला येऊ लागला, तोवर ती चाळिशीला टेकली होती आणि स्वस्त, दुय्यम चित्रपटांची राणी अशी तिची ओळख पक्की झाली होती.

म्हणजे माणूस तोच, अंगातली कला तीच, कॅमेराही तोच. मग दिसलं का नाही? तू हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलंस, तेव्हा हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. स्टुडिओच्या चित्रपटात नटाला हशा ऐकू येत नाही. वाक्य सकाळी एका कोनातून घेतात, त्यावरची प्रतिक्रिया दुपारी दुसऱ्या कोनातून, आणि दोन्हींच्या मधला पॉज संकलकाच्या टेबलावर ठरतो. ज्या विनोदाचा जीव वाक्यात असतो त्याला हे चालतं. ल्युसिलचा विनोद संकटात हळूहळू रुतत जाणाऱ्या शरीराचा होता. त्याला तीन-चार मिनिटं सलग लागत आणि समोर माणसं लागत. ही गोष्ट प्रथम रेडिओवर उघडी पडली. 1948 पासून सीबीएसवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ या श्रुतिकेत ती बायकोचं काम करत होती. श्रुतिका प्रेक्षकांसमोर होत असे. निर्माते-लेखक जेस ओपनहायमर यांनी तिला जॅक बेनी यांचा कार्यक्रम बघायला पाठवलं, तो बेनी प्रेक्षकांकडे कसे बघतात, हशा कसा वाढवत नेतात ते कळावं म्हणून. त्यानंतर मायक्रोफोनसमोरची ही बाई हातवारे करू लागली आणि सभागृह उसळू लागलं. ऐकणाऱ्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

यावर तू म्हणशील, चॅप्लिन आणि कीटन यांना कुठे प्रेक्षक लागले? त्यांनी चित्रपटातच शरीराचा विनोद शिखराला नेला. खरं आहे. पण चॅप्लिनचा स्टुडिओ स्वतःचा होता. बस्टर कीटनकडेही स्वतःची माणसं आणि हवा तेवढा वेळ होता. 1928 साली तो एमजीएमचा पगारी नट झाला आणि काही वर्षांतच त्याची रया गेली. चाळीसच्या दशकात त्याच स्टुडिओत तो दुसऱ्यांसाठी गमती सुचवण्याच्या नोकरीवर होता. ल्युसिलची आणि त्याची गाठ पडली ती तिथेच, आणि हातातल्या वस्तूला, तुमच्या भाषेत प्रॉपर्टीला, सहनटासारखं सांभाळायचं हे तिने त्याच्याकडून घेतलं. दोघांनाही एकच गोष्ट नडली होती: कामाची रीत दुसऱ्याच्या हातात होती.

आता 1951 कडे येते. सीबीएसला रेडिओवरचीच मालिका टीव्हीवर हवी होती. ल्युसिलने अट घातली, की नवरा म्हणून खरा नवरा, देसी आर्नाझ, हवा. तो क्यूबाचा, बोलण्यात स्पॅनिश हेल. अमेरिकन प्रेक्षक हे जोडपं मान्य करणार नाहीत अशी वाहिनीला भीती. तेव्हा दोघांनी गावोगाव रंगमंचावर कार्यक्रम करून लोक मान्य करतात हे दाखवून दिलं. ही अट कलेसाठी नव्हती, बँड घेऊन सतत दौऱ्यावर असणारा नवरा घरी राहावा म्हणून होती, हे मी लपवत नाही. पण तिच्या पोटात पुढची अट आली. सिगारेटवाल्या प्रायोजकाला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता, कारण पश्चिमेकडून पाठवायचा तर पडद्यावरचं चित्र पुन्हा चित्रित केलेली धूसर प्रत पूर्वेकडच्या प्रेक्षकांना बघावी लागे. यांना लॉस एंजलिस सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला, की चांगल्या 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायचं, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, नाटकासारखं सलग, आणि समोर तीनशे प्रेक्षक. खर्च वाढला तो भरून काढायला दोघांनी मानधन कमी करून घेतलं, आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. तीन कॅमेऱ्यांचा प्रयोग त्याआधीही इतरांनी केला होता, त्यामुळे शोधाचा मान यांना देत नाही. पण प्रकाशयोजनेला बोलावलं कुणाला, तर ‘मेट्रोपोलिस’चा छायालेखक कार्ल फ्रॉइंड याला! त्याने वरून असा सारखा उजेड पसरला की नटी कुठेही गेली तरी तिन्ही कॅमेऱ्यांना चालावी. चित्रपटात नटीने उजेडात येऊन उभं राहायचं असतं. इथे तिला फिरायची मोकळीक होती.

या मोकळिकीत तिने काय केलं ते एका प्रवेशात पाहा. 5 मे 1952 चा भाग. ल्युसीला एका टॉनिकच्या जाहिरातीत काम मिळालंय. टॉनिकचं नाव जीवनसत्त्व, मांस, भाजी आणि खनिज यांची मोळी बांधून केलेलं, उच्चारायलाच कठीण. त्यात मद्य आहे हे तिला माहीत नाही. तालमीत पहिला चमचा तोंडात जातो आणि चेहरा आंबतो, पण संवाद चवीच्या कौतुकाचा, म्हणून ओठ हसतात आणि गळा नाही म्हणतो. दुसऱ्या खेपेला तिरस्कार थोडा कमी. मग ती चमच्याची वाट बघू लागते. पुढे चमच्यात ओतायला हात स्थिर राहत नाही, आणि त्या लांबलचक नावातली अक्षरं जागा सोडू लागतात. दर खेपेला वेगळं अक्षर. भाषण तेच, चार वेळा ऐकलेलं, तरी चौथ्यांदा लोक जास्त हसतात, कारण मूळ वाक्य आता त्यांनाही पाठ आहे आणि कुठे पाय घसरला ते त्यांना नेमकं कळतं. हे तोंडं वाकडी करणं नव्हे, मावशी. ही दारू चढण्याची, इंच इंच मोजलेली चढण आहे, आणि प्रत्येक पायरीवर हशा ओसरेपर्यंत ती थांबते. संकलकाला हे टेबलावर करता आलं नसतं.

तोंडांबद्दलच बोलायचं तर लेखकांनी तिच्या चेहऱ्यांना नावं दिली होती. संहितेत नुसतं ‘कोळी’ लिहिलं की तिने काय करायचं ते ठरलेलं. रेडिओच्या दिवसांत जेलीच्या एका जाहिरातीत कोळ्याला घाबरणारी मुलगी ती झाली होती, त्यावरून ते नाव. रडू दाटून येण्याला एक नाव, डोक्यात दिवा पेटण्याला दुसरं. जो चेहरा लिहून मागता येतो आणि बिनचूक मिळतो, तो आपसूक आलेला नसतो. तुझ्या हशातही, खरं सांगायचं तर, ही तयारी तू ओळखली असणारच.

श्रेय वाटून घ्यायला मात्र मी तयार आहे. मॅडलिन प्यू ही लेखिका अवघड करामती आधी स्वतः करून बघत असे आणि मगच ल्युसिलला देत असे. व्यवसायाचं डोकं देसीचं, त्याबद्दल वादच नाही. पण त्याची सगळी मांडणी कशाभोवती होती? समोर माणसं असली की आपली बायको दुप्पट चांगली होते, हे त्याला ठाऊक होतं म्हणून ते तीनशे प्रेक्षक आले. व्यवस्था तिच्या गुणावर बेतलेली होती. तीच व्यवस्था दुसऱ्या कुणाला दिली असती तर उरला असता एक नीटनेटका, विसरण्याजोगा कार्यक्रम. हार्पो मार्क्सबरोबरचा 1955 चा भाग बघ. ही हार्पोच्याच वेषात दारात उभी, आणि आपण त्याचं आरशातलं प्रतिबिंब आहोत असं त्याला भासवायला त्याची प्रत्येक हालचाल त्याच क्षणी करते आहे. सतरा वर्षांपूर्वी त्याच माणसाच्या चित्रपटात तिला नुसतं उभं केलं होतं.

तुझा सगळ्यात जड आक्षेप वेगळा आहे: दर आठवड्याला बाई घराबाहेर पडू बघते, फजिती होते, आणि शेवटी नवऱ्याच्या मिठीत परत स्वयंपाकघरात. हे मी नाकारत नाही. काही भागांत रिकी, म्हणजे मालिकेतला देसी, तिला मुलासारखी मांडीवर घेऊन मारतो. ते आज बघवत नाही, आणि काळ तसा होता म्हणून ते धुऊन निघत नाही. तरी सप्टेंबर 1952 चा चॉकलेट कारखान्याचा भाग पूर्ण बघ. आपण नेहमी पट्ट्यावरून सुटलेली चॉकलेटं तोंडात, टोपीत, झग्यात कोंबणाऱ्या ल्युसी आणि तिची शेजारीण एथेल तेवढ्या आठवतो. पण अर्धा भाग घरात घडतो, जिथे पैजेने स्वयंपाक करायला बसलेल्या नवऱ्यांचा भात उतू जाऊन जमिनीवर पसरला आहे. तिकडे कारखान्यात मुकादमीण येते, पट्टा रिकामा बघून खूश होते आणि वेग वाढवायला सांगते. काम झेपत नाही हे लपवलं की शाबासकी म्हणून आणखी काम मिळतं. हा अनुभव बायकांना कारखान्याशिवायही ठाऊक होता, आणि इतक्या नेमकेपणाने तो तेव्हाच्या टीव्हीवर दुसरीकडे मला दिसत नाही. शेवट पराभवाचा असेल, पण त्याआधीची वीस मिनिटं पडदा तिच्या ताब्यात असतो. तिच्या गरोदरपणाचंही तसंच. पोट लपवायचा विचार होता. तिने आणि देसीने ते गोष्टीतच आणलं. गरोदर हा शब्द मात्र उच्चारायचा नाही, आणि संहिता धर्मगुरूंना दाखवून घ्यायच्या, या अटी पाळून. 19 जानेवारी 1953 ला मालिकेत मूल झालं, त्याच दिवशी खरंही झालं, आणि तो भाग सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी पाहिला. ती रजेवर असताना जुने भाग पुन्हा दाखवता आले, कारण ते फिल्मवर होते. आज आपण ज्याला पुनःप्रक्षेपण म्हणतो त्या धंद्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

पुढचं लवकर सांगते. 1957 मध्ये, 180 भागांनंतर, मालिका थांबली. त्याच वर्षी देसिलूने आरकेओचा स्टुडिओ विकत घेतला, तोच, जिथे ती पगारावर नाव नसलेल्या भूमिका करत होती. 1960 मध्ये घटस्फोट, 1962 मध्ये देसीचे समभाग विकत घेऊन ती कंपनीची प्रमुख झाली. संचालकांना खर्च परवडत नाही असं वाटत असताना ‘स्टार ट्रेक’ला पुढे जाऊ दिलं ते तिने. 1967 ला कंपनी 1 कोटी 70 लाख डॉलरला विकली.

शेवटचा आक्षेप तू केला नाहीस, मीच करते. 1986 मध्ये, पंचाहत्तरीत, तिने ‘लाइफ विथ ल्युसी’ ही मालिका केली. प्रेक्षक होते, कॅमेरे होते, जुने लेखक होते, हवं तसं करायची मुभा होती. तरी आठ भाग दाखवून ती बंद करावी लागली. मग माझं व्यवस्थेचं म्हणणं कुठे गेलं? मला वाटतं, तिथे एक माणूस कमी होतं. या विनोदाला पडणारं शरीर लागतं तसंच ‘हे करू नकोस’ म्हणून शेवटी स्वतःच त्यात ओढलं जाणारं दुसरं शरीरही लागतं, आणि ते व्हिव्हियन व्हान्सचं होतं. एथेलच्या कामासाठी तिला 1954 साली एमी पुरस्कार मिळाला, तरी ल्युसीची शेजारीण एवढीच तिची ओळख राहिली. 1979 मध्ये ती गेली. चॉकलेटच्या पट्ट्यावर ल्युसीकडे बघतात सगळे. तू या वेळी व्हान्सकडे बघ. आधी काळजीने भरभर हात चालवणारी, मग डोळ्यांनी ल्युसीला विचारणारी, मग स्वतःच तोंडात कोंबणारी. ल्युसिलने हशाची वेळ कुणाच्या हालचालीवरून धरली ते तिथे दिसेल. बघून झालं की सविस्तर लिही, आणि पटलं नाही तर तेही स्पष्ट लिही. काकांना नमस्कार.

तुझी भाची