खेळण्यात बसवलेली मुंज

गेल्या मे महिन्यात मी उज्जैनला पंधरा दिवस होतो आणि त्यांतले नऊ दिवस एका खेळण्याच्या यंत्रात एक मुंज बसवण्यात गेले. महाकालाचे दर्शन एकदाच झाले, तेही पहाटे, धावतपळत. परत आल्यावर मित्रांनी विचारले, "काय काय पाहिलंस?" तेव्हा सांगण्यासारखे माझ्याजवळ हेच होते.

यंत्राचे नाव पीएसपी, म्हणजे प्लेस्टेशन पोर्टेबल. सोनी कंपनीने ते डिसेंबर २००४ मध्ये जपानात आणले आणि २०१४ साली त्याचे उत्पादन थांबवले. दोन्ही हातांत धरायचे, मध्ये ४.३ इंचांचा आडवा पडदा, दोन्हीकडे बटणे. माझ्या आत्याआजीच्या मुलाने, ज्याला मी काका म्हणतो, २००९ साली पहिल्या पगारातून ते घेतले होते. हल्ली त्यावर काकाच्या चिरंजीवांची मालकी आहे. वय वर्षे बारा.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. १९७८ साली लग्न होऊन ती बेळगावहून उज्जैनला गेली. उज्जैनला मराठी घरे असण्यात नवल नाही. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात तिथे आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी मागून आलेली सगळीच कारकून-भिक्षुक मंडळी उठून गेली नाहीत. तिथली मराठी आता हिंदीत चांगली मुरलेली आहे. "दादा, तू काय करून राहिला आहेस?" असे चिरंजीव मला दिवसातून दहादा विचारत. आत्याआजीची मराठी मात्र अजून बेळगावची आहे. पण तिची दुसरी भाषा, कानडी, तिथे बोलायला कोणी नाही. तिची आई, म्हणजे माझी पणजी, धारवाडची. लेकींशी ती कानडीतच बोले. ती गेल्यापासून आत्याआजीचे कानडी तोंडातल्या तोंडात राहिले आहे.

काकाची मुंज १९९१ च्या मे महिन्यात उज्जैनला झाली. पुढे सिंहस्थ लागणार होता. गुरू सिंह राशीत असताना मंगलकार्ये करत नाहीत, शिवाय १९९२ मध्ये गावात मेळा भरायचा, म्हणून आधीच उरकून घेतली. बेळगावची सारी मंडळी आली होती. तिचे व्हिडिओ शूटिंग झाले, ही त्या काळी अप्रूपाची गोष्ट. कॅसेट दोन तास दहा मिनिटांची. शूटिंगवाल्याने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या मुंजीवर हिंदी सिनेमातली गाणी चढवली होती, त्यामुळे मंगलाष्टकेसुद्धा ऐकू येत नाहीत. कसे कोण जाणे, मातृभोजन आणि दुपारची पहिली पंगत एवढ्यावर गाणे चढवायचे राहून गेले आहे. ती अकरा मिनिटे. त्यात पणजी तुपाचे भांडे घेऊन पानापानावरून फिरते आणि म्हणते, "इन्ना स्वल्प तुप्पा हाक्कोरी." आणि पानावर हात आडवा धरून तरुण आत्याआजी म्हणते, "साकव्वा, साकु."

पणजीचा आवाज एवढाच उरला आहे.

आता हे सगळे फोनवर का नाही, असे कोणीही विचारील. मीही विचारले. काकाने कॅसेटची डीव्हीडी करून घेऊन ती फोनवर घालून दिलीच होती. पण आत्याआजीचे हात कापतात. फोनच्या पडद्याला बोट लागले की चित्र थांबते, मागे जाते, भलतेच उघडते. एकदा तर पणजी बोलता बोलता फोन थेट दूधवाल्याला लागला. पीएसपीच्या पडद्याला कितीही बोटे लावा, काही होत नाही. बटण दाबले तरच चालते. शिवाय उजव्या कडेला एक सरकती खिटी आहे, ती 'होल्ड'कडे सरकवली की बटणेही मुकी होतात. कापणाऱ्या हातांसाठी याहून सोयीचे काय? ज्याने ती बसवली त्याने मुलांच्या खिशाचा विचार केला असेल, पण उपयोग आत्याआजीला झाला.

डीव्हीडीवरची फाईल काकाने मी जाण्याआधी तशीच यंत्रात टाकून पाहिली होती. यंत्राने ती ओळखलीसुद्धा नाही. हे चिरंजीवांना समजावताना मी त्यांना मिरजेला नेले. १९९१ साली बेळगावची लाईन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मिरजेपुढे ब्रॉडगेज, अंतर १६७६ मिलिमीटर. मुंजीला निघालेल्या मंडळींना मिरजेला उतरून, लाडवांचे डबे डोक्यावर घेऊन दुसऱ्या गाडीत बसावे लागले. लाडू तेच, माणसे तीच, डबा मात्र दुसरा. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने बांधलेले असते, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. पीएसपीला ते एमपी-४ च्या डब्यात लागते, आणि त्याचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. ही गाडीबदली कॉम्प्युटरवर एफएफएमपेग नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने होते. जुन्या कॅसेटच्या चित्रात माणूस हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, त्याही तो त्याच वेळी पुसून टाकतो.

इथपर्यंत सोपे होते. भांडण लागले ते आकारावरून. जुन्या टीव्हीचे चित्र चारास तीन या प्रमाणाचे, पीएसपीचा पडदा सोळास नऊ. पडदा पूर्ण भरायचा तर चित्र ३६० उंचीचे होते आणि मावतात फक्त २७२. म्हणजे उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापावा लागतो. चिरंजीवांना पडदा भरलेलाच हवा. "काळ्या पट्ट्या छान नाही दिसत." काकाचेही मत तेच. मी अकरा मिनिटे लावून दाखवली. पंगतीत बसलेली माणसे खाली, वाढणारी माणसे उभी, आणि शूटिंगवाला बेताचाच. पणजीचा अंबाडा चित्राच्या वरच्या कडेला टेकलेला. वरून कापले तर तिचे डोके जाते. खालून कापले तर पान जाते, त्यावरचा आडवा हात जातो, तूप जाते. ताणून बसवावे तर सगळी माणसे एक तृतीयांश जाड होतात. यावर आत्याआजी हसली, "तशी मी आता झालेच आहे, पण आईला नको करूस." शेवटी मधोमध ३६२ ठिपक्यांचे चित्र आणि दोन्हीकडे ५९ ठिपक्यांची काळी पट्टी, असे ठरले. पट्टी कुरूप दिसते हे खरे, पण पट्टीमुळे कोणाचे डोके जात नाही.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि इथे बीकॉमचा विद्यार्थी प्रथमच कामाला आला. पीएसपीत मेमरी स्टिक नावाचे सोनीचे वेगळे कार्ड लागते. घरातले १ जीबीचे. त्यात चिरंजीवांच्या खेळांची प्रगती साठवलेली, आणि तिला हात लावायचा नाही ही त्यांची अट. ती मला न्याय्य वाटली. यंत्र त्यांचे आहे. उरलेली जागा ७४० एमबी. मुंज ७८०० सेकंदांची. सरसकट सारखी वाटणी केली असती तरी मावली असती, पण ज्या भागावर सिनेमाची गाणी आहेत त्याला आणि पणजीच्या आवाजाला सारखीच जागा कशाला? गाण्यांच्या ७१४० सेकंदांना चित्रासाठी सेकंदाला ६०० किलोबिट आणि आवाजासाठी ६४ दिले. बेरीज ६६४, आठाने भागून ८३ किलोबाइट, म्हणजे सुमारे ५९३ एमबी. अकरा मिनिटांच्या ६६० सेकंदांना चित्रासाठी १००० आणि आवाजासाठी १२८. ते झाले ९३ एमबी. एकूण ६८६. शिल्लक ५४, ती चिरंजीवांच्या पुढील प्रगतीसाठी राखून ठेवली. हा ताळेबंद मी कागदावर मांडून काकाला दाखवला, तेव्हा तो म्हणाला की त्याच्या ऑफिसात इतका स्वच्छ हिशेब कोणी लिहीत नाही.

रूपांतराला लागला तासभर. नऊ दिवस गेले ते वायरीपायी. पीएसपीला जुन्या घडणीची मिनी यूएसबी वायर लागते, हल्लीच्या फोनची चालत नाही. फ्रीगंजातली पाच-सहा दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने यंत्र हातात घेऊन "अरे, हे तर माझ्याकडे होते" म्हणून पंधरा मिनिटे आठवणी सांगितल्या, पण वायर नव्हती. अखेर शेजारच्या घरी एका बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या पिशवीत ती सापडली. यंत्राची बॅटरी फुगलेली होती, ती आधी काढून बाजूला ठेवली. चार्जर लावला की बॅटरीवाचूनही ते चालते. मग सेटिंगमधून यूएसबी जोडणी चालू करायची, कार्ड कॉम्प्युटरवर दिसू लागते, त्यात 'व्हिडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये फायली टाकायच्या. अकरा मिनिटांची फाईल निराळी ठेवली. इंग्रजी नावे वाचत बसण्याची दगदग आत्याआजीला नको, म्हणून फाईलशेजारी त्याच नावाचे, १६० बाय १२० ठिपक्यांचे, पणजीचे चित्र ठेवले. यादीत तेच दिसते.

आत्याआजीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहायचे टाळले. तिने अकरा मिनिटे संपेपर्यंत काही बोलून दाखवले नाही. मग विचारले, "तुला कळलं का, ती मधे काय म्हणाली ते?" माझी शाळा मराठी माध्यमाची, पण कानडी गल्लीत आणि बसस्टँडवर शिकलेलो, पणजीचे धारवाडी एकदोन ठिकाणी निसटले होते. तिने ती वाक्ये मला पुन्हा म्हणून दाखवली, पणजीसारखीच, हेल काढून. नंतर दोन दिवस ती माझ्याशी कानडीतच बोलत होती आणि सूनबाई आम्हा दोघांकडे बघत राहिल्या होत्या.

वेळापत्रक असे ठरले आहे: दुपारी जेवणानंतर यंत्र आत्याआजीकडे, पाचनंतर चिरंजीवांकडे. पलंगाशेजारी प्लगची सोय काकाने करून घेतली.

दुसरी एक कॅसेट कपाटात आहे, १९९२ च्या सिंहस्थातली. बेळगावचे कोणीतरी पुन्हा आले होते, पणजीही आली होती, रामघाटावर शूटिंग केले होते असे आत्याआजी सांगते. त्यावर गाणी चढवली आहेत की नाही हे तिला आठवत नाही. फितीला पांढरी बुरशी धरली आहे आणि ज्या दुकानात मुंजीची डीव्हीडी झाली तिथल्या माणसाने तिला हात लावायला नकार दिला. बुरशीची फीत यंत्रात घातली तर यंत्रच खराब होते, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. इंदूरला एक जण फिती साफ करून देतो असे काकाच्या ऑफिसात कोणी म्हणाले. काका चौकशी करणार आहे. मी कार्डावर ५४ एमबी ठेवलेली आहे. तेवढ्यात, अकरा मिनिटांच्या दराने, सहा मिनिटे आणि वर काही सेकंद बसतील.