अंदाज जोखायचा तो घाटमाथ्यावर

प्रिय आत्या,


हवामानाचा नवा अंदाज आपल्या ताम्हिणी घाटात जुन्यापेक्षा खरा ठरेल का, असं तू फोनवर विचारलंस. उत्तर दोन वाक्यांत संपणारं नव्हतं, म्हणून लिहितोय.

पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही अंदाजाची नवी पद्धत २६ मे २०२५ रोजी देशाच्या सेवेत आली. आधीची ‘जीएफएस’ पद्धत नकाशाची साधारण १२ किलोमीटरची घरं पाडायची, नवी ६ किलोमीटरची पाडते. जिथे एकच आकडा मिळायचा, तिथे आता चार मिळतात. आपल्याकडे याचं मोल मोठं. समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीच्या कड्यावरून वर चढतं, थंड होतं आणि माथ्यावरच कोसळतं. जुन्या गणितात कोकणतळ, कडा आणि मुळशीचं पाणी एक-दोन घरांतच मिसळून जायचं. कडाच बुटका धरला, तर पाऊसही कमीच निघणार. घराची बाजू निम्मी केली की आकडेमोड साधारण आठपट होते. ती पेलायला ‘अर्क’ हा महासंगणक आहे.

पण घरं बारीक झाली म्हणून अंदाज आपोआप खरा होत नाही. समज, नव्या पद्धतीने आपली अतिवृष्टी दोन घरं उत्तरेला दाखवली. तिच्या नावावर दोन चुका लागतात: इथला पाऊस हुकला आणि तिथे नाहक इशारा गेला. जुनीने सगळीकडे मध्यम पाऊस दाखवला, तर कागदावर तीच कमी चुकलेली दिसते. तुला मात्र कशाचा उपयोग जास्त? धोका जवळपास आहे, हे सांगणाऱ्या अंदाजाचाच ना?

म्हणून सरासरी चूक पाहून निकाल देऊ नये. २५ जुलै २०२४ला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवसाची चाहूल किती आधी लागली आणि किती इशारे फुकट गेले, हीच खरी कसोटी. दोन्ही पद्धतींचे अंदाज आणि इथल्या पर्जन्यमापकाचा आकडा एका तक्त्यात मांडून दर पावसाळ्यानंतर गावापुढे ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो, त्यांना तो ताळेबंद पाहायचा हक्क आहे.

तोवर लाल इशारा आला की घाटात कुणाला जाऊ देऊ नकोस. आधीचा इशारा फुकट गेला असला, तरीही.

तुझा भाचा