पत्र लिहून देणारी माणसे

आपल्याकडे सातारा, सांगली, नगर या भागांत शेतकऱ्याचे घर आणि सैनिकाचे घर पुष्कळदा एकच असते. थोरला औतामागे, धाकटा सीमेवर. नक्षत्र कोरडे गेले तर बाप आभाळाकडे बघतो, आणि मुलाची खबर आली नाही तर आई वाटेकडे बघते. पावसासाठी आम्ही खात्याची माणसे निदान दोन शब्दांचा सल्ला तरी देऊ शकतो. दुसऱ्या काळजीवर कोणती मात्रा द्यायची, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते.

मला ते एका आडवाटेने समजले. कृषी महाविद्यालयात विस्तारशिक्षणाच्या विषयात मार्तंडमचा धडा असे. १९२१ साली त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील मार्तंडम येथे डॉ. स्पेन्सर हॅच यांनी ग्रामसुधारणेचे केंद्र काढले. कोंबडीपालन, मधमाशीपालन, अंड्यांची सहकारी विक्री अशी कामे तेथे चालत. केंद्र वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे. परीक्षेपुरते आम्ही एवढे पाठ केले. याच संस्थेने त्याआधी पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांची सेवा केली होती, हे पुढे अवांतर वाचनात कळले.

१९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरावर उतरली. बहुतेक शिपाई खेड्यापाड्यांतले, शेतकऱ्यांचे मुलगे. हाडे गोठवणारी थंडी, गुडघाभर चिखल आणि डोक्यावर तोफा. पुष्कळांना अक्षराची ओळख नव्हती. वाय.एम.सी.ए.ने लाल त्रिकोणाची खूण लावून त्यांच्यासाठी तंबू आणि खोपट्या उभारल्या. तेथे बसायला जागा होती, करमणूक होती आणि मुख्य म्हणजे लिहायला कागद होता. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या शेजारी कार्यकर्ता बसे आणि तो सांगेल ते लिहून देई.

सरकारची अट होती की हिंदी शिपायांत धर्माचा प्रचार करायचा नाही. संस्थेने ती मान्य करून काम केले. मला यातच त्या कामाचे मोठेपण दिसते. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेपोटी दुसऱ्याचे पत्र लिहायचे, आणि त्यात दुसऱ्याचाच देव, दुसऱ्याचाच रामराम किंवा सलाम उतरवायचा!

ही पत्रे लष्कराचे अधिकारी तपासत असत. त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहेत व त्यांतील उतारे छापलेही गेले आहेत. तपासणी चुकवण्यासाठी काही जण हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत. पण मला अधिक भिडली ती साधी चौकशी. पीक कसे आहे, जमिनीच्या तंट्याचे काय झाले, मुलाबाळांचे काय चालले आहे? मरणाच्या दारातही शेतकऱ्याचा जीव आपल्या रानात.

आपल्या मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत अल-अमारा गावाला तुर्कांचा वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. धान्य संपले, घोडी-खेचरे कापावी लागली, अखेर शरणागती झाली. मेसोपोटेमियातही वाय.एम.सी.ए.चे तंबू होते. पण वेढ्यात सापडलेल्यांची खबर घरी यायची कशी? कोकणात आणि देशावर तेव्हा किती आयांनी रिकाम्या हाताने जाणारा पोस्टमन पाहिला असेल!

१९९९ साली कारगिलच्या वेळी मी नगर जिल्ह्यात नोकरीला होतो. बाजरीच्या पेरणीचे दिवस. एका गावात ख्रिस्ती वस्ती होती. तेथील पाळकसाहेब रविवारच्या उपासनेत गावातील सगळ्या जवानांची नावे घेऊन प्रार्थना करीत. त्यांत मराठ्यांची, धनगरांची मुलेही आली. उपासना झाल्यावर वस्तीतील एक निवृत्त शिक्षिका दोन-तीन बायकांना घेऊन जवानांच्या घरी जात. मी बियाण्याच्या कामासाठी अशाच एका घरी गेलो, तेव्हा त्या चुलीपाशी बसून शेंगा फोडीत होत्या. लढाईचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्यांनी मुलाला चार ओळी लिहून दिल्या.

त्या गेल्यावर मुलाची आई मला म्हणाली, “साहेब, बाकीचे येत्यात आन् टीव्हीवर काय सांगितलं ते ऐकवत्यात. बाई येत्यात आन् माझं ऐकत्यात.”

मी विस्ताराच्या कामात तीस वर्षे घालवली. पण सल्ला देण्याआधी ऐकावे, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते.

आता घरोघरी मोबाईल आहे, म्हणून काळजी सरली असे नाही. उलट रोज बोलणारा मुलगा दोन दिवस बोलला नाही तर घर हवालदिल होते. मे २०२५ मध्ये रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावले गेले, तेव्हा किती घरांत खरिपाची तयारी अर्धी राहिली असेल आणि दोन्ही वेळचे जेवण नकोसे झाले असेल.

वाचकहो, तुमच्या गावात असे घर असेल तर मोठे काही करावे लागत नाही. त्यांच्या रानात एक पाळी घाला. बी-खत आणायला जाताना त्यांचेही आणा. पेन्शनचे, रजेचे किंवा सातबाराचे काम अडले असेल तर म्हाताऱ्याला बरोबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची किंवा तलाठ्याची वाट दाखवा. ऐकीव बातम्या त्या उंबऱ्यावर नेऊ नका. ज्याचा जो देव असेल त्याच्यापाशी त्या मुलाचे नाव घ्या. आणि भगिनींनो, त्या माउलीजवळ घटकाभर बसा. ती बोलली तर ऐका. नाही बोलली, तर तिच्याबरोबर शेंगा फोडा.